पांढऱ्या घोड्यावरून

बॅडेक, केप ब्रेटन
१० नोव्हेंबर २०२५

ती. माधवीताईस,
उल्हासचा साष्टांग नमस्कार.

इकडे ठीक. विंटर टायर्स बसवले, आमच्या केयाची मिडटर्म आटोपली, आणि धंदा म्हणशील तर थंडी पडली की गावाला माझी आठवण येतेच. कागदी पत्र बघून हसशील. पण फोनवर तू बोलू कुठे देतेस? "आई झोपलीय रे," की ठेवलास.

परवा मोरागबाईंकडे फर्नेस बघायला गेलो. तीच ती, घर तापवायची भट्टी. आवाजावरून मला तिचं दुखणं कळतं. या कानांवरच तर दुकान उभं केलं. बाई नव्वदीच्या, एकट्या. पूर्वजांची गेलिक भाषा भिंतींशी बोलतात. मी बेसमेंटमध्ये भट्टीला कान लावून बसलेला, खिडकीबाहेर सरोवरावरचं धुकं, आणि बाई जिन्यावर टेकून म्हणाल्या, "कान चांगले आहेत ना तुझे? मग हे ऐक."

ओशीन नावाचा वीर. पांढऱ्या घोड्यावरून आलेल्या राणीबरोबर समुद्रापलीकडे गेला. तिथे कुणी म्हातारं होत नाही. त्याला वाटलं तीन वर्षं झाली; घरी तीनशे सरली होती. ओढ लागली तेव्हा राणीनं घोडा दिला. म्हणाली, बघून ये, पण पाय जमिनीला लावू नकोस.

गाव होतं, ओळखीचं कुणी नव्हतं. रस्त्यात माणसं एक धोंडा हलवत होती. हात द्यायला हा वाकला, खोगिराचा पट्टा तुटला. पाय मातीला लागला आणि तिथल्या तिथे जख्ख म्हातारा.

"मूर्खच," मी म्हणालो. "वरूनच बघून परतायचं."

"घोड्यावरून मिठी मारता येते का रे, बॉय?"

भट्टी केव्हाच नीट चालू झाली होती. मी उठलोच नाही. धुक्यात आपलं सांगलीचं घर दिसत होतं. झोपाळ्यावर आई, मांडीवर ताट, गव्हातले खडे काढतेय. केस काळेभोर.

ताई, आई झोपलेली नसते. मागे झोपाळ्याची कडी वाजत असते. दसऱ्याला तू फोनवर हात ठेवलास, तरी ऐकू आलं मला. "कोण उल्हास?" रागानं नाही गं. नव्या पोस्टमनला विचारावं तसं, गोड.

मी म्हणालो, "बरं, झोपू दे." तुझी थाप माझ्या सोयीची होती. लांबून सगळं जागच्या जागी असतं.

तिकीट काढलंय. वीस डिसेंबरला सकाळी येतो. पत्र माझ्याआधी पोचलं तर बरं. दारात रडू नकोस, आणि मी कोण ते तिला सांगूही नकोस. अनोळखी माणसाला ती आधी गूळपाणी देते, मग विचारते, "कुठून आलात?"

तेव्हा सांगेन. सावकाश, तिला झेपेल तेवढं. तोवर अंगणात चपला काढून उभा राहीन.

तुझा धाकटा भाऊ, आणि आईकडे येणारा पाहुणा,
उल्हास