बेशुद्धीतला विक्रम

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी (जलक्रीडा),
नगर क्रीडा कार्यालय,
तलाव इमारत, पहिला मजला.

विषय : तलावावरील श्वास-फलकावर लिहिलेली एका बेशुद्ध मुलीची नोंद पुसणे, आणि ती मोडण्यासाठी येत्या रविवारी ठेवलेली स्पर्धा रद्द करणे याबाबत.

संदर्भ : (१) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. (२) अर्जदाराच्या धाकट्या बहिणीस आपल्या कार्यालयाकडून आलेली, खुलासा मागणारी नोटीस.

महोदय,

१. अर्जदार ही महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झालेली आहे. माणूस श्वास का घेतो, हा विषय तिने आयुष्यभर शिकवला. तो एखाद्या कार्यालयाला अर्ज करून पटवून द्यावा लागेल, असे तिला नोकरीत असताना कधी वाटले नव्हते. अर्ज लांबला आहे याची कल्पना आहे. आधीचे तीन अर्ज आखूड होते आणि त्यांचा काहीही उपयोग झाला नाही.

२. ज्यांच्याविषयी हा अर्ज आहे त्या अर्जदाराच्या भगिनी, म्हणजे तालबद्ध जलतरणातील माजी विजेत्या. त्यांचे नाव आपल्या दालनातील मोठ्या छायाचित्राखाली लिहिलेले आहे, म्हणून ते येथे पुन्हा देत नाही. घरात त्यांना पाणकोंबडी म्हणत. कार्यालयीन कागदात ते बरे दिसणार नाही, म्हणून यापुढे त्यांचा उल्लेख ‘धाकटी’ असा करते, आणि बहीण असल्यामुळे एकेरीच करते.

३. धाकटी या खेळात आली ती कुणाच्या द्रष्टेपणामुळे नव्हे. स्मरणिकेत तसे छापले आहे, ते चूक आहे. पोहायला घातले होते अर्जदाराला. आई दिवसभर शिवणयंत्रावर असे आणि धाकटीला सांभाळायला घरात कोणी नसे, म्हणून तिलाही तलावावर नेऊन पायरीवर बसवीत. आठवड्याभरात अर्जदाराच्या नाकात इतके पाणी गेले की तिने तलावाचे नाव टाकले. धाकटीला मात्र पाण्यातून बाहेर काढणे कुणाला जमेना. शेवटी आईने पास तिच्या नावावर करून घेतला.

४. तालबद्ध जलतरण म्हणजे ‘पाण्यातला नाच’, अशी व्याख्या आपल्याच स्मरणिकेत आहे. ज्याने ती लिहिली त्याने नाकाला चिमटा लावून, डोके खाली व पाय वर करून, तळव्यांनी सतत पाणी ढकलत, तळाला बोटही न लावता, स्पीकरमधून पाण्याखाली ऐकू येणाऱ्या तालावर एक ते आठ मोजावेत, आणि मग काहीच झाले नाही अशा चेहऱ्याने वर येऊन हसावे. हसणे सक्तीचे असते. केस हलू नयेत म्हणून त्यांवर गरम जिलेटिनचा लेप देतात. ते थंड पाण्यात सुटत नाही, त्यामुळे धाकटी स्पर्धेहून आली की न्हाणीघर तासभर अडवी. वडील म्हणायचे, हिच्या डोक्यावर हे कशाला ओतता, हिचं डोकं मुळातच घट्ट आहे. कोरड्या सरावासाठी धाकटी व तिची जोडीदारीण आमच्या अरुंद बोळकांडीत समोरासमोर उभ्या राहून केवळ हातांनी सगळा कार्यक्रम करीत. शेजारीणबाईंनी एकदा आईला बाजूला घेऊन, पोरी बऱ्या आहेत ना, असे विचारले. आईने सुई तोंडातून न काढता सांगितले की, पाण्यात नाहीत म्हणून तशा दिसतात.

५. त्या काळच्या प्रशिक्षकबाईंचा जोडीसाठी एकच नियम होता. एकीचे चुकले तर दुसरीनेही त्याच क्षणी तेच चुकायचे. परीक्षक पाहतात ते दोघींतले अंतर. अंतर नसेल तर चूकही नाही. बोळकांडीत एकीने डावा हात चुकून वर नेला की दुसरीचाही जात असे. पुढे पुढे कोण आधी चुकली हे त्यांचे त्यांनाच सांगता येईना. आपल्या फलकावर ज्या अंतिम फेरीचा गौरव आहे ती या नियमामुळे जिंकली गेली. सर्वांत लांब डुबकीत जोडीदारिणीचा नाकचिमटा सुटला. नाकात पाणी शिरल्यावर कोणीही समंजस प्राणी करील तेच तिने केले : आठ पुरे होण्याआधी ती वर निघाली. धाकटी डोके खाली करून शेजारीच होती. तिला जोडीदारिणीचे गुडघे वाकताना दिसले आणि तिने आपले वाकवले. दोघी एकाच क्षणी पाण्याबाहेर आल्या, हसल्या आणि जिंकल्या. म्हणजे धाकटी विजेती ठरली ती पाण्याखाली राहिल्यामुळे नव्हे, वेळेआधी वर आल्यामुळे.

६. फलकावर नेमके याच्या उलट आहे. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राने तिच्या डुबकीला दीड मिनिट दिले. कार्यालयाच्या पहिल्या स्मरणिकेत त्याची अडीच मिनिटे झाली, पुढच्या स्मरणिकेत तीन, आणि गेल्या वर्षी तलावाच्या भिंतीवर फलक लागला त्यावर ‘मनोबलाच्या जोरावर साडेचार मिनिटे’ असे रंगवले गेले. खेळ सोडून धाकटी टपाल कार्यालयात पार्सलच्या खिडकीवर बसली. वारंवार पाणी जाऊन उजव्या कानाने नीट ऐकू येत नाही, म्हणून ती डावा कान खिडकीकडे करून बसते. तिचा श्वास मात्र तिच्या माघारी दरवर्षी वाढत राहिला.

७. फलकाखाली ‘हिच्यासारखे व्हा’ असे लिहून खाली मुलींची नावे व त्यांच्या डुबकीच्या वेळा लिहिण्याची सोय केलेली आहे. या उपक्रमाच्या प्रशिक्षिका म्हणजे तीच जोडीदारीण. त्या मुलींना आधी भराभर खोल श्वास घ्यायला लावून मग तळाशी पाठवीत. याविरुद्ध अर्जदाराने पहिला अर्ज केला. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला ऑक्सिजन जवळपास वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो. श्वास घेण्याची तगमग होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. तोच आधी काढून टाकला तर तगमग होतच नाही. मुलगी धडपडत नाही, घाबरत नाही, आपल्याला छान जमते आहे असे तिला वाटत असतानाच तिची शुद्ध जाते. हा अर्ज आपल्या कार्यालयाने पाणीपुरवठा विभागाकडे पाठवला. त्या विभागाने पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण समाधानकारक असल्याचे कळवले. दुसरा अर्ज, अर्जदारास पोहता येत नसल्याने तिचा विषयाशी संबंध नाही, या शेऱ्यासह परत आला.

८. त्या शेऱ्याचे काय ते विचारायला धाकटी गेल्या महिन्यात संध्याकाळी कामावरून सुटून आपल्या कार्यालयात निघाली होती. जिना तलावाच्या कडेने जातो. तळाशी दोन मुली होत्या. जीवरक्षक क्रीडासप्ताहाचे कापडी बॅनर बांधायला शिडीवर चढलेला होता. प्रशिक्षिकाबाई स्टॉपवॉचकडे पाहत होत्या. धाकटीने पाण्याकडे पाहिले. तळाशी राहायचे तरी तळवे हलवत राहावे लागतात, हे तिला ठाऊक आहे. एकीचे तळवे हलत नव्हते. दुसरी तिच्या शेजारी गाल फुगवून तशीच थांबली होती, कारण जोडीदारीण वर आल्याशिवाय वर यायचे नाही असे तिला शिकवले होते. धाकटीने कामावरच्या कपड्यांत, चपलांसकट, खांद्याला पर्स असताना पाण्यात उडी मारली. पर्समधल्या पार्सलखोलीच्या चाव्या नंतर तलावाच्या गाळणीत सापडल्या व आपल्या शिपायाने त्या घरी आणून दिल्या, त्याबद्दल आभार.

९. मुलगी अल्पवयीन आहे, म्हणून तिचे नाव देत नाही. काठावर आणल्यावर ती ओकली, खोकली आणि तिचे डोळे उघडले. तिने पहिले वाक्य उच्चारले ते असे : “बाई, माझं किती झालं?” प्रशिक्षिकाबाईंच्या हातातले घड्याळ अजून चालूच होते. त्यांनी ते थांबवले आणि, भीतीने म्हणा की सवयीने म्हणा, त्यावरचा आकडा वाचून दाखवला. त्या आकड्यात मुलगी बेशुद्ध असतानाचा, धाकटी पाण्यात उतरल्यापासूनचा आणि मुलीला काठावर घेऊन छाती दाबेपर्यंतचा सगळा वेळ आहे. मुलगी रुग्णालयातून घरी यायच्या आत तो आकडा फलकावर रंगवला गेला होता. खाली ‘नवा विक्रम’ असे लाल अक्षरांत आहे.

१०. हे वाचून अर्जदारास किळस आली. हा शब्द अर्जात शोभत नाही, असे धाकटीचे म्हणणे पडले. दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही. तिसरा अर्ज घेऊन धाकटी स्वतः आपल्या नोंद विभागात आली. आपण कधीही साडेचार मिनिटे श्वास रोखलेला नाही, एवढेच तिला सांगायचे होते. तेथील लिपिकाने खिडकीतून फलकाकडे बोट दाखवून, “मॅडम, बोर्डावर तसं नाहीये,” असे सांगितले. ती विजेती आपणच, असे म्हणता, तर तसे सांगणारा साक्षीदार आणा, असेही त्याने सुचवले. मग बेशुद्ध मुलीची नोंद तरी पुसा, असे धाकटी म्हणाली. त्यावर त्याने दिलेले उत्तर अर्जदार शब्दशः देते, कारण हा अर्ज मुख्यतः त्या उत्तराविषयी आहे : “रेकॉर्ड पुसता येत नाही हो. मोडता येतं.”

११. हे वाक्य लिपिकाचे एकट्याचे असते तर अर्जदाराने सोडून दिले असते. परंतु चौथ्या दिवशी आपल्या सहीचे पत्रक लागले. मुलीच्या आईने केलेली तक्रार लक्षात घेता सदर नोंद ‘नियमाप्रमाणे मोडण्याची संधी’ म्हणून रविवारी खुली श्वास-स्पर्धा ठेवण्यात येत आहे, असे त्यात म्हटले आहे. महोदय, याचा अर्थ आपण सावकाश वाचावा. एका मुलीची शुद्ध हरपली, तिला ओढून काढावे लागले, आणि तेवढ्यात जो वेळ गेला त्याहून जास्त वेळ दुसऱ्या मुलीने पाण्याखाली राहायचे आहे. या वयाच्या मुलींना हा विक्रम एकाच प्रकारे मोडता येईल, आणि तो मोडणारी मुलगी बक्षीस घ्यायला स्वतः वर येणार नाही. आतापर्यंत अकरा मुलींनी नावे दिली आहेत. जी बुडाली होती तिचेही नाव त्यांत आहे. आपला विक्रम दुसरीने नेऊ नये, असे तिचे म्हणणे असल्याचे तिची आई रडत सांगत होती, आणि आईने बंदी केल्यास ती शाळेतून परस्पर येईल अशी तिला भीती आहे.

१२. दरम्यान धाकटीला आपली नोटीस आली. बाहेरच्या कपड्यांत, टोपीशिवाय, शॉवर न घेता व पादत्राणांसह तलावात प्रवेश केल्याबद्दल खुलासा मागवला असून, तो मिळेपर्यंत तिला पाण्यात उतरण्यास मनाई केली आहे. खुलासा असा की, मुलगी बुडत होती. यापेक्षा विस्तृत खुलासा धाकटीला सुचत नाही.

१३. साक्षीदार मागितला होता, म्हणून धाकटी प्रशिक्षिकाबाईंना भेटली. मुलगी दाखल होती त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. अर्जदार पलीकडच्या बाकावर होती. प्रशिक्षिकाबाई म्हणाल्या, “त्या दिवशी तू खाली राहिली असतीस तर सगळ्यांना कळलं असतं, माझं चुकलं म्हणून. तू वर आलीस आणि मी सुटले. तेव्हापासून मी एकाही पोरीला वर येऊ देत नाहीये गं.” धाकटीने डावा कान त्यांच्याकडे वळवला, पुन्हा विचारले, पुन्हा ऐकले, आणि म्हणाली, “तू वर आलीस म्हणून मी आले. यात सुटायचं काय होतं?” साक्षीचा प्रश्न तसाच ठेवून प्रशिक्षिकाबाई उठल्या. त्या आत जाऊन मुलीच्या उशाशी बसल्या.

१४. तरी विनंती की, (अ) सदर नोंद पुसावी. नियम आड येत असल्यास फलक भिंतीसकट रंगवावा. भिंत रंगवायला नियम आड येत नसावा. (आ) रविवारची स्पर्धा रद्द झाल्याचे शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी त्या अकरा मुलींच्या घरी कळवावे. (इ) फलकावर काही लिहायचेच असेल तर, या तलावाची विजेती जोडीदारीण वर आली तेव्हा तिच्याबरोबर वर आली, एवढे लिहावे. ते खरे आहे आणि त्याने कोणी मरत नाही.

१५. यांपैकी काहीच न झाल्यास रविवारी धाकटी तलावाच्या काठावर उभी असेल. ती टपाल कार्यालयाच्या कपड्यांत असेल, चपला घातलेल्या असतील, शॉवर घेतलेला नसेल. पहिल्या मुलीचे तळवे थांबले की ती उडी मारील. प्रशिक्षिकाबाईंचा काल सायंकाळी निरोप आला : ती उतरली तर मीही उतरेन, आणि त्या दिवशी माझ्या हातात घड्याळ नसेल. तेव्हा आपल्या कार्यालयाचे काम सोपे व्हावे म्हणून सुचवते की, दोन नोटिसा आजच टंकलिखित करून ठेवाव्यात. मजकूर सारखाच चालेल.

आपली, उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
विजेतीची थोरली बहीण,
निवृत्त अध्यापिका, शरीरक्रियाशास्त्र

दिनांक : १२ फेब्रुवारी, गुरुवार

सोबत :
(१) नोटिशीची प्रत.
(२) फलकाचे छायाचित्र.
(३) रुग्णालयाचा दाखला. यात मुलीस ‘बेशुद्ध’ म्हटले आहे, विक्रमवीर म्हटलेले नाही.
(४) पाणीपुरवठा विभागाचे पत्र, मूळ प्रत. अर्जदारास ते घरात ठेवायचे नाही.