बर्फाबाहेर राहिलेलं पित्त

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमच्याबद्दल अजून कुणी वाकडा शब्द काढत नाही, म्हणून मीच लिहायला बसले. नांदेडच्या त्या लॅबमध्ये पेशी नीट दिसाव्यात म्हणून मी काचा रंगवायचे आणि तुम्ही रिपोर्टवर सह्या करायचात. सही काय झोकदार होती तुमची! बघणं मात्र आळशी. मायक्रोस्कोपखाली काच जेमतेम सरकायची की तुमचा हात पेनाकडे जायचा.

चाकूरच्या त्या शिक्षिका तुमच्या लक्षात नसतीलच. डोळे पिवळेजर्द, खाजवून खाजवून हातांवर ओरखडे. त्यांची पित्तनलिका अरुंद झाली होती, आणि कॅन्सर आहे का ते बघायला आतलं पित्त काढून आपल्याकडे पाठवलं होतं. त्यांचा नवरा बर्फातली ती बाटली छातीशी धरून आणतो. पेशी तळाशी बसाव्यात म्हणून मी ते पित्त सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायला घेते, तर तुम्ही म्हणता, "ठेव तिकडं. गटाराचं पाणी हाय ते, त्यात काय हिरे सापडणार हायेत?" मी म्हणते, "सर, पित्तात पेशी लवकर खराब होतात." तुम्ही सगळ्यांदेखत हसता. "आता तू मला शिकवून राहिली का? ठेव म्हणलं ना!" आणि जेवायला निघून जाता. बाटली बर्फाबाहेर, टेबलावर, दुपार उलटेपर्यंत.

मग काचेवर उरला नुसता चिखल, आणि तुम्ही लिहिलंत, 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत.' नमुना खराब झाला, पुन्हा पाठवा, एवढं लिहायला तुम्हाला कमीपणा वाटला. बाईंनी शाळेत पेढे वाटले म्हणे. काही महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा पोटात पाणी झालं होतं. त्या पाण्याच्या काचेवर कॅन्सरच्या पेशींचे पुंजकेच पुंजके. नवरा दारात उभा, "सर, मागच्या टायमाला तर न्हाई म्हणले होते तुम्ही." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आजारच लई खराब हाय," आणि पुढची काच मागितलीत. तुमच्याइतका निर्ढावलेला माणूस मी नंतर पाहिला नाही.

आता मी लातूरला आहे. इथं पित्त आलं की हातातलं काम टाकून आधी ते फिरवतो, आणि काही सापडलं नाही तरी 'यावरून आजार नाहीच असं समजू नये' हे आमच्या मॅडम न चुकता लिहितात. रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी पकडून आजार उलटतोय का ते बघायचं संशोधन चालू आहे. नव्या मुली त्याबद्दल विचारतात, मी वाचून सांगते. तुमच्या लॅबमध्ये तुमचा हार घातलेला फोटो आहे. त्या फोटोसाठी तुम्ही त्या बाईंच्या काचेपेक्षा जास्त वेळ बसला असाल.

हा कागद तुमच्या घरी पाठवणार होते, पण पाठवणार नाही. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा सेंट्रीफ्यूज रिकामं होतं, सर. बटण दाबायला तुमची सही लागत नव्हती. मी रुसून माझा डबा उघडला.