मृण्मयीच्या कोडमधली नावं

शुक्रवार, संध्याकाळ, डोंबिवली

मृण्मयीचा कोड काही डोक्यातून जात नाही. तिच्या आबांना दमा आहे. कारखान्यांचा उग्र वास सुटला की तिचा प्रोग्राम त्यांच्या मोबाइलवर 'खिडक्या लावा' असा मेसेज पाठवतो. उद्या ठाण्याच्या हॅकेथॉनला, कोडिंगच्या स्पर्धेला, आमच्या शाळेकडून हाच प्रोग्राम. चालतो झकास. पण नावं? नववीतली ही पोरं व्हेरिएबलला, म्हणजे कोडमधल्या माहितीच्या कप्प्यांना, सर्रास 'वास', 'खिडकी', 'आबा' असली नावं देतात. हिचं सगळं इंग्रजी, एकदम चकचकीत. कुठल्यातरी क्लासवाल्याने लिहून दिलं असणार. नाहीतर एआयने.

शेवटी लॅबमध्ये गाठलंच तिला. "खरं सांग, कोणी लिहिलं?"

"मीच, मॅडम."

"मग आबांबरोबर आईलाही मेसेज जाऊ दे. माझ्यासमोर कर."

तिने बसल्या बसल्या केलं. चाललंही. तरी माझं आपलं तेच, मग नावं इंग्रजी कशी?

"गेल्या वर्षी हॅकेथॉनला परीक्षक माझ्या कोडमधलं 'आबा' वाचून हसलेले ना. म्हणून काल सगळी बदलली."

एवढंच? पटलं, आणि नाहीही. दप्तर उचलताना तिनेच विचारलं, "मराठी ठेवली तर ते हसतात. इंग्रजी ठेवली तर तुम्हाला चोरी वाटते. मग मी ठेवू तरी काय, मॅडम?"