झाकणाखाली काय आहे

१२ मार्च

धाकट्याच्या हातांवरच्या पट्ट्या आज सोडल्या. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात वाचला, हेच खूप समजा." धाकटा बोटांकडे बघत राहिला. मग हळूच — "ताई, करवत आता धरता येणार नाही, ना?"

मी खिडकी लावायला उठले. वारा नव्हताच!

१३ मार्च

आगीनंतर पहिल्यांदा शेडमध्ये गेले. भिंत अजून काळी. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या रांगेने लावलेल्या. परदेशातून येतात, आम्ही उघडतो, आतला धातू तिसऱ्या देशात वितळतो, मग पुन्हा त्याच कारखान्यात नवी बॅटरी. कागदावर किती देखणं वर्तुळ!

त्या दिवशीची बॅटरी बाहेरून नेहमीसारखीच होती. धाकट्याने झाकण नेहमीच्या जागी कापलं. तिथे बोटभर पोकळी असायची. या खेपेला बनवणाऱ्यांनी आतले सेल थेट झाकणाला चिकटवले होते. करवत सेलमध्ये घुसली आणि भडका उडाला.

मी इथली रसायनतज्ज्ञ. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

१९ मार्च

बॅटऱ्यांवर काय लिहायचं त्याचा नियम ठरवणाऱ्या समितीची बैठक, पडद्यावर. उघडणाऱ्यांच्या बाजूने मी. बनवणारे, उघडणारे, वितळवणारे — सगळे देश. आमची मागणी एकच : आत काय आहे, कुठे कापायचं, ते प्रत्येक बॅटरीवर लिहा. बनवणाऱ्या कंपनीची इंजिनीअर (मी तिला मनातल्या मनात चष्मेवाली म्हणते) दुभाष्यामार्फत तेच तेच सांगत होती — "रचना आमचं गुपित आहे. फक्त बॅटरीचा प्रकार लिहू."

गुपित! माझ्या भावाच्या हातावर उमटलंय तुमचं गुपित.

२० मार्च

शेडच्या साहेबांनी बोलावलं. "त्या 'फक्त प्रकार'वाल्या मसुद्याला होकार देऊन टाका. मिळतंय ते पदरात पाडून घ्या. फार ताणलंत तर ते माल दुसरीकडे वळवतील. मग शेडमधल्या माणसांनी जायचं कुठे?"

साहेब खोटं बोलत नाहीत. तीच तर पंचाईत.

२१ मार्च

होकार दिला नाही.

२४ मार्च

धाकट्याला विचारलं, बैठकीत बोलशील? भावजय भडकली. "त्यांच्या जखमा चारचौघांत मांडून काय मिळवायचंय तुम्हाला, वन्सं?" चुकलं काय तिचं? धाकटाच म्हणाला, "हात दाखवणार नाही मी. एकच विचारणार."

२६ मार्च

बोलला! शर्टाच्या बाह्या पार खाली ओढून बसला होता. "बाई, माझ्या जागी आता माझा दोस्त बसतो. उद्या तुमची बॅटरी त्याच्यापुढे येईल. त्याने कुठे कापावं, तेवढं सांगा."

दुभाष्या मध्येच अडखळला, पण सगळं सांगितलं त्याने. चष्मेवालीने तोंड उघडलं, बाजूच्या कुणाकडे तरी बघितलं — आणि तिचा चौकोन काळा झाला. सरळ उठून गेली!

बाहेर पडताना धाकटा म्हणतो, "जाऊ दे गं. ऐकलं तरी तिने." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. काय दगडी काळजाची बाई!

३० मार्च

मसुदा तसाच मंजूर. फक्त 'प्रकार'. माझा एकटीचा नकार नोंदवून घेतला, झालं.

शेडमध्ये धाकट्याच्या दोस्ताने करवत खाली ठेवली. एकामागून एक बाकीच्यांनीही. साहेब आले, बघून गेले. ओरडले नाहीत. किती दिवस थांबणार असे? सगळ्यांची घरं आहेत. दोस्त म्हणाला, "सोमवारी उचलावीच लागेल, ताई."

भावजय आज माझ्याशी नीट बोलली. तेवढंच.

२ एप्रिल

दुपारी फोन. चष्मेवाली! दुभाष्या नाही, शब्द जुळवत, थांबत थांबत — "ती रचना मी केली होती. सकाळी नोकरी सोडली. ते मला कोर्टात खेचतील, खेचू देत. वकील येण्याआधी सगळ्या शेडना कळलं पाहिजे. लिहून घ्या — झाकण वरून कापायचं नाही."