तिसऱ्या रिळाचे अनुमान

रविवार, १२ नोव्हेंबर १९६७. सायंकाळी साडेसात.

या नोंदींत मला पुढील गोष्ट सिद्ध करावयाची आहे: हेरकथेतील दोषी इसम शेवटचे रीळ न पाहता, केवळ शुद्ध अनुमानाने ओळखता येतो, आणि पालघरपासून तारापूरपर्यंतच्या टापूत हे काम एकच मनुष्य करू शकतो. नम्रतेस्तव नाव देत नाही.

प्रसंग असा. तारापूरच्या अणुवीज प्रोजेक्टवर परदेशी इंजिनियरांसाठी मुंबईहून रिळे येतात. रविवारी दुपारी तीन वाजता कॉलनीच्या क्लबात कामगारांसह सर्वांना प्रवेश असतो. सध्या ‘लँटर्न स्ट्रीट’ ही ब्रिटिश हेरमालिका चालू आहे. विलायतेत ती घरोघरी टेलिव्हिजनवर दिसते म्हणे. आमच्याकडे पडदा, प्रोजेक्टर आणि बसायला दीडशे घोंगडी.

या मालिकेच्या परीक्षणार्थ आम्ही मंडळ स्थापिले आहे. अध्यक्ष: मी, निवृत्त मुख्याध्यापक, तर्कशास्त्र हा विषय. सभासद: वामन चुरी, निवृत्त पोस्टमास्तर, माझा बालमित्र. चिटणीस: रामकिसन, प्रोजेक्टच्या स्टोअरमधला कारकून, मूळचा परभणीकडचा, प्रोजेक्टरही तोच चालवतो. अध्यक्षाचे कर्तव्य: चित्र सुरू होण्यापूर्वी मायक्रोफोनवर पाच मिनिटे मराठीत कथासार सांगणे. निवृत्तीनंतर घरी माझे सलग पाच मिनिटे कोणी ऐकत नाही. ही तक्रार नव्हे; वस्तुस्थिती.

आजचा भाग. इंग्लंडातील कोळ्यांचे गाव. कोणीतरी किनाऱ्यावरून दिवा दाखवून शत्रूच्या पाणबुडीला खुणा करतो. हेर मिस्टर पेलम फुलपाखरे पकडण्याच्या मिषाने येतो. संशयित तीन: डॉक्टर, पाद्री, म्हातारा कोळी टॉम. दुसऱ्या रिळाच्या अखेरीस पेलम म्हणतो, “गुन्हेगार कोण, हे मला ठाऊक आहे.” मग तिसरे रीळ लागले, आणि पडद्यावर बटाट्यांची लागवड दिसू लागली.

बटाटे हा सांकेतिक संदेश असावा असे मानून मी चार मिनिटे टिपणे घेतली. अखेर वामनने मोठ्याने विचारले, “रामकिसन, हा हेर शेतकीखात्यात लागला काय रे?” मुंबईने चुकीचा डबा पाठवला होता.

टिपणे फाडली.

सोमवार, १३ नोव्हेंबर. सकाळी नऊ.

रामकिसनने ट्रंककॉल लावला. तिसरे रीळ दोन-तीन आठवड्यांनी येईल.

हे उत्तमच झाले. मंडळापुढे ठराव मांडणार: आम्ही दोघांनी आपापले निगमन, म्हणजे अंतिम निष्कर्ष, बंद पाकिटात चिटणिसाकडे द्यावे, ज्याचे खरे ठरेल तो पुढील वर्षाचा अध्यक्ष. स्वतःची खुर्ची स्वतः पणाला लावणे हा दिलदारपणा आहे. धोका शून्य.

माझे अनुमान, न्यायशास्त्राच्या पंचावयवी पद्धतीने:

प्रतिज्ञा: डॉक्टर दोषी आहे. हेतू: कारण गावात कोणी आजारी नसता तो बॅग घेऊन टेकडीवर जातो. उदाहरण: जो जो अकारण बॅग वाहतो तो तो काही लपवतो, जसे सन ५१ सालचे आमचे ड्रॉइंग मास्तर. उपनय: हा डॉक्टरही तसाच. निगमन: म्हणून डॉक्टर दोषी.

एकही छिद्र नाही. पाकीट चिकटवले.

त्या मालिकेचा हा भाग पाहिलेला एक इंग्रज इंजिनियर कॉलनीत आहे. त्यालाच विचारू, असे वामन म्हणतो. यालाच बौद्धिक आळस म्हणतात.

बुधवार, १५ नोव्हेंबर. रात्रीच्या जेवणापूर्वी.

वामनच्या ओसरीवर सभा. ठराव एकमताने मंजूर. पाकिटात घालण्यापूर्वी वामनने आपला चिटोरा सर्वांना दाखवला. गुप्तता त्याच्या स्वभावात नाही. चिटोऱ्यावर एकच शब्द: डॉक्टर.

मी हेतू विचारला. म्हणाला, “तोंडावरच लिहिलंय त्याच्या. पुरुषोत्तमा, पोस्टाच्या खिडकीत तीस वर्षं बसलोय मी. पार्सल आपलं म्हणून घ्यायला आलाय की दुसऱ्याचं, ते माणूस रांगेत असतानाच कळायचं.”

यास हेतू म्हणत नाहीत. मी तसे सव्वा तास समजावून सांगितले. वामनच्या सूनबाईंनी दोनदा चहा केला, तिसऱ्यांदा कंदील पुसायला घेतला.

माझ्याही पाकिटात डॉक्टरच आहे हे मला सांगावे लागले. त्यावर वामन हर्षाने म्हणाला, “मग झालंच की! सहा महिने तू, सहा महिने मी.”

घरी चालत आलो.

गुरुवार, १६ नोव्हेंबर.

झोप बरी लागली नाही. वालाची उसळ जड गेली असावी.

प्रश्न अध्यक्षपदाचा नाही. प्रश्न शास्त्राचा आहे. शुद्ध अनुमानाने आणि तोंड पाहून एकच उत्तर येत असेल, तर विद्यार्थ्यांना मी चौतीस वर्षे काय शिकवले? अर्थात अर्धवर्ष मायक्रोफोनपासून दूर बसून वामनचे कथासार ऐकणे हेही अवघडच. तो ‘पाणबुडी’स ‘बुडबोट’ म्हणतो.

दुपारी बोईसरला काम होते, म्हणून पुढे कॉलनीत जाऊन आलो. त्या इंग्रज इंजिनियरच्या बंगल्यावरून सहज गेलो. कुलूप. माळी म्हणाला, साहेब सुट्टीवर विलायतेला गेलेत. असते तरी विचारले नसते.

रविवार, १९ नोव्हेंबर. सायंकाळी.

लोकाग्रहास्तव पहिली दोन रिळे पुन्हा दाखवली. कथासार अकरा मिनिटे झाले. रामकिसनने सातव्या मिनिटाला दिवे मालवले. मी अंधारात पूर्ण केले. संकल्प: यापुढे पाच मिनिटे. घड्याळ समोर ठेवणे.

आज एक घटना घडली. क्लबाच्या मुदपाकखान्यात मुरबे गावची कोळीण हंसा मासे घालते. रविवारी रिकामी पाटी घेऊन दाराशी बसते आणि चित्र पाहते. इंग्रजी येत नाही. मंडळाची सभासद नाही. बोलते मात्र भरपूर. पडद्यावर म्हातारा टॉम पेलमला सांगतो, मी पहाटेपासून समुद्रावर होतो, आत्ताच उतरलो. आणि पुरावा म्हणून शेपटीला धरून एक मोठा मासा उंचावतो. त्यावर हंसा मोठ्याने म्हणाली, “अगं बाय! कसलं पहाटेचं? शिळं हाय ते म्हावरं! दोन दिसांचं!”

चित्र संपल्यावर मी तिला गाठले. कृष्णधवल चित्रात कल्ले लाल की काळे ते दिसत नाही, तेव्हा हे विधान कशाच्या आधारे? तिने माझ्याकडे, वर्गातल्या ढ मुलाकडे मी पाहत असे तसे, पाहिले. “कल्ले कशाला बघायचे, मास्तर? ताजं म्हावरं शेपटीला धरलं तर ताठ रवतं, काठीवानी. त्याचं बगा, कसं धोतर वाळत घातल्यावानी लोंबत व्हतं.”

पालघरला परतताना शटल गाडीत सर्व वेळ उभा होतो आणि मला कळलेही नाही.

मासा शिळा. म्हणजे टॉम समुद्रावर गेलाच नव्हता. म्हणजे टॉम खोटे बोलला. खोटे कोण बोलतो?

सोमवार, २० नोव्हेंबर. सकाळी साडेआठ.

शास्त्रात प्रयोग हवा. नर्मदा, म्हणजे माझी पत्नी, हिची पिशवी घेऊन पालघरच्या मासळीबाजारात गेलो. लग्नानंतर पहिल्यांदाच. पहिल्याच पाटीतला मासा शेपटीला धरून उचलला. पूर्ण लोंबला. “हा शिळा आहे,” असे मी स्पष्ट सांगितले.

संपूर्ण ओळ हसली. मासेवाली म्हणाली, “आज्जोबा, ते बोंबील हाय! ते जित्तं असलं तरी लोंबतं!” मग पलीकडच्या बाईला, “जमने, इकडं ये गं, ह्ये आजोबा बोंबील ताठ करून देतात का बग!”

बोंबील हा अपवाद म्हणून नियमातून वगळला. रावसावर प्रयोग केला, ताठ. नियम सिद्ध.

घरी सांगितल्यावर नर्मदा म्हणाली, “अहो, चाळीस वर्षं तुमच्या ताटात ताजं पडतंय ते काय अनुमानानं?” ती विषयाला सोडून बोलत होती.

गुरुवार, २३ नोव्हेंबर.

नवे पंचावयव पूर्ण. निगमन: म्हातारा टॉम दोषी. उदाहरणात रावस घातला आहे. बोंबलावर तळटीप. इतके सुबक लेखन मी एम.ए.च्या पेपरातही केले नव्हते.

हंसाचा उल्लेख करावा की काय, यावर विचार केला. तिने केवळ पाहिले. निष्कर्ष मी काढला. चष्म्याला कोणी श्रेय देत नाही.

डॉक्टरविषयी: तो हेतू आता पाहता जरा उथळ वाटतो. डॉक्टरने बॅग नेऊ नये तर काय न्यावे?

रविवार, २६ नोव्हेंबर.

रीळ पुढच्या रविवारी नक्की येणार. आज खेळ नाही.

रामकिसनकडे नवे पाकीट दिले, जुने परत मागितले. तो घुटमळला. म्हणाला, “सर, पहिलं बी राहू द्या ना. काय सांगावं, तेच निघायचं.” नियमाप्रमाणे एकासच एक, असे मी म्हणालो. “मग फाडू?” फाड म्हणालो. त्याने फाडले, मात्र असे सावकाश, की मी मत बदलतो का ते पाहत असावा.

वामनला वाटेत भेटून सांगितले की मी डॉक्टर सोडला आहे. त्यास आनंद होईल अशी कल्पना होती. तो म्हणाला, “का रे? आपलं दोघांचं एक होतं, बरं वाटत होतं मला.” मग थोडे थांबून, “गेल्या वीस वर्षांत आपलं एक कधी झालंय?”

भावनाविवशता. तर्कात हिला स्थान नाही.

रविवार, ३ डिसेंबर. दुपारी एक.

रीळ आले. रामकिसनने डबा उघडून पहिली फूटभर फिल्म उजेडात धरून खात्री केली: बटाटे नाहीत.

आज कथासाराऐवजी संपूर्ण सिद्धांत मायक्रोफोनवरून मांडणार. निकाल लागण्यापूर्वी जाहीर विधान करणे यातच शास्त्राची शान आहे. नवे धोतर. घड्याळ घरी विसरलो.

तोच दिवस. सायंकाळी सात.

क्रमाने लिहितो.

सतरा मिनिटे बोललो. दीडशे-दोनशे लोक होते. टॉम दोषी, कारण शिळा मासा, हे सांगितल्यावर मागच्या रांगांत खसखस पिकली. त्यास मी प्रतिसाद समजलो. “बोंबील वगळून,” असे म्हटल्यावर टाळ्या पडल्या.

मग तिसरे रीळ.

दुसऱ्या मिनिटाला डॉक्टर टेकडीवर गेला. बॅग उघडली. बॅगेत दिवा.

सहाव्या मिनिटाला डॉक्टरने पेलमला कड्यावरून ढकलले. नवव्याला म्हातारा टॉम वादळात आपली होडी घालून एकटा गेला आणि पेलमला पाण्यातून काढले. साऱ्या क्लबात शिट्ट्या. नगरकडचे फिटर उभे राहून ओरडत होते, “टॉमबाबा की जय!” माझ्या मागे कोणी म्हणाले, “ह्या म्हाताऱ्याला चोर म्हणत होते आपले सर.” दुसरा म्हणाला, “सतरा मिनिटं.”

दिवे लागताच मी दाराशी गेलो आणि हंसाला जाब विचारला. ती टॉमसाठी डोळे पुसत होती. म्हणाली, “मी काय बोलली? म्हावरं शिळं हाय, येवडंच बोलली. म्हातारा चोर हाय असं मी कदी बोलली?” मी म्हणालो, मग शिळा मासा आला कुठून? “अवो मास्तर, ते खेळवाले! ते काय खरंच दर्यावर जातेत? बाजारातनं आनला आसंल. दिवसभर दिव्याखाली धरला आसंल. लोंबनारच!” आणि पाटी डोक्यावर घेता घेता, “तुमी मला विचारलंच नाय. मी सांगितली असती.”

रामकिसनने पाकिटे उघडली. वामनचे निगमन खरे. वामन अध्यक्ष.

त्यास तत्काळ मायक्रोफोनवर बोलावण्यात आले. तो एवढेच म्हणाला, “पुढच्या रविवारी दुसरा भाग आहे. गोष्ट मी सांगेन, थोडक्यात. घरी जाताना गर्दी करू नका, बायकापोरांना आधी सोडा.” अर्धे मिनिट. माझ्या कोणत्याही कथासारास पडल्या नव्हत्या तेवढ्या टाळ्या.

शटलमध्ये आम्ही शेजारी बसलो. वामन सफाळ्यापलीकडच्या त्याच्या बहिणीच्या गुडघ्यांविषयी बोलत होता. सिद्धांताबद्दल त्याने एक शब्दही काढला नाही. हे मला टोमण्याहून कठीण गेले.

सोमवार, ४ डिसेंबर. सकाळी सहा.

खुलाशाचे चार मसुदे केले. पहिल्यात दोष मुंबईच्या वितरकाचा, दुसऱ्यात दिग्दर्शकाने वापरलेल्या माशाचा, तिसऱ्यात हंसाच्या अपुऱ्या साक्षीचा, चौथ्यात रामकिसनचा, त्याने पहिले पाकीट फाडले म्हणून. चारही पंचावयवी. चारही वाचून पाहिले. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन, सारे यथास्थित. आणि चारही खोटे.

मंडळाच्या रजिस्टरात पुढील मजकूर आज देईन. वामनने वाचावा म्हणून तिथे. मी वाचावा म्हणून इथे.

माझ्या हातून एक चूक झाली. डॉक्टर दोषी आहे, हे मला पहिल्या दिवशी कळले होते. तेच वामनलाही कळले, हे मला सोसले नाही.

पुरुषोत्तम हरी सावे,
सभासद