नारळ फुटल्यानंतर

शनिवार, संध्याकाळ. अलिबाग.

आज शोरूममधून एक टेम्पो विकला गेला. काशीदची मासे विकणारी मावशी आणि तिचा पंचविशीतला मुलगा घेऊन गेले. आता तिला मासळी दुसऱ्याच्या गाडीत घालावी लागणार नाही.

आमच्या शोरूमचा नियम साधा आहे. हँडलिंगचे, म्हणजे गाडीच्या किमतीवर शोरूम लावतं ते वरचे पैसे, नारळ फुटल्यावर सांगायचे. आधी सांगितले तर गिऱ्हाईक भांडतं. पूजा झालेली गाडी मात्र कोणी परत करत नाही. मावशीने हळदकुंकू लावलं, टायरपाशी नारळ फोडला. मग मी बिल पुढे केलं.

"हे कसले पैसे? आधी का नाय सांगितले?" मुलगा म्हणाला.

"मावशी, सगळेच भरतात." मी तिच्याकडेच बघत राहिलो. मुलांकडे बघायचं नसतं.

"आये, गाडी नको. पैसे परत घे."

तिने सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. "मेल्या, नारल फुटल्यावर नको म्हनतंस? तोंड हाय का गटार?"

बाजारात दहा रुपयांसाठी समोरच्याला रडवणारी बाई. तिने घासाघीस न करता पैसे काढून दिले. उद्याच्या बर्फाचे होते, म्हणाली.

मुलगा बरोबर होता. मारताना तिला ते कळत होतं का? मला वाटतं, कळत होतं. म्हणूनच इतक्या जोरात मारली.

मग चावी देतानाचा फोटो. तो हसेना. "हस की रं," ती म्हणाली. हसला. गालावर बोटं उमटलेली होती.

मॅनेजर सरांनी फोटो शोरूमच्या दर्शनी भिंतीवर लावायला सांगितला. लावला. बरा दिसतो.