ताम्हनातले अकीक

आबा,

काल दुपारच्या एस.टी.ने धुळ्याहून तुमचा पत्र्याचा डबा आला. पार्सलचं भाडं अकरा रुपये, स्टँडपासून घरापर्यंत टांग्याचे चार. आत तुम्ही घासून चकचकीत केलेले त्र्याण्णव दगड, तुमचं भिंग आणि भाऊची चिठ्ठी. दगडांच्या पाठीवर तुम्ही नाव लिहून चिकटवायचे ते कागद केव्हाच सुटलेत, डब्याच्या तळाशी त्यांचा नुसता भुगा आहे. भाऊ लिहितो, मागची खोली मोकळी करताना हे सापडलं, आणि जळगावच्या आपल्या त्या शेठचा मुलगा अंगठ्यांसाठी सगळे घ्यायला तयार आहे. अट एकच. प्रत्येक दगडाचं नाव लिहून हवं, आणि रंगवलेला एकही नको. "आबांच्या मुलीनं लिहून दिलं तर मी पुन्हा तपासणार नाही," असं तो म्हणाला. उद्या सकाळी दहाच्या गाडीने तो रावेरला येतोय. भाऊने हे सगळं कौतुकाने लिहिलंय. मी मात्र चिठ्ठी वाचली आणि तिथेच पायरीवर बसले.

आज देवपूजा आटोपली, केळीच्या वखारीवर जाणाऱ्यांचे डबे भरून दिले आणि ओट्यावर जुनं पांढरं धोतर अंथरून कामाला लागले. तुम्ही शिकवलं तसंच. आधी दगड धुऊन पुसायचा, मग खिडकीशी धरून त्याची कड बघायची. कडेतून मधासारखा उजेड आला तर अकीक. भर उन्हात धरूनही आत अंधारच, तर जास्पर. मागच्या बाजूला पोलादी सुई ओढायची. ओरखडा उठला तर तो या दोघांपैकी नव्हे. भिंगात गोल बुडबुडे दिसले तर काच. घासलेला दगड ओळखणं जास्त अवघड, म्हणायचात, कारण नदीतून आला तेव्हाची त्याची साल गेलेली असते, आणि सगळेच दगड सारखे गुळगुळीत होऊन बसतात. मी बारा वर्षांची असताना एक लाल दगड हातात घेतल्या घेतल्या 'जास्पर' म्हणून मोकळी झाले होते. तुम्ही दगड घासायचं चाक थांबवलंत. "लाल शे म्हनीसन जास्पर? मंग टमाटं बी जास्परच का व पोरी?" आई आतून हसली. मग तुम्ही तो दिव्यासमोर धरलात आणि त्याच्या कडेला निखाऱ्यासारखा उजेड पेटला. "दम धर. दगड काय पयी जास का?" पळून थोडाच जातो तो. आज प्रत्येक दगडाशी मी तेवढा दम धरते आहे. अर्धा उजेड सोडणारा, अर्धा न सोडणारा निघाला तर दोन्ही नावं लिहिते. तीन मला ओळखता आले नाहीत, त्यांच्यापुढे 'माहीत नाही' लिहिलं. तसं लिहायला लाजायचं नाही, हेही तुमचंच.

अकराच्या सुमारास तो हातात आला. फिकट धुरकट अकीक, चिंचोक्याहून थोडा मोठा, आणि त्याच्या पोटातून आडवी गेलेली केसाएवढी गुलाबी रेघ. भिंगाची गरजच नव्हती. त्याच्यामागोमाग दुसरा. मग तिसरा. एकूण सात. तुम्ही ते फेकले असतील असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मी मॅट्रिक झाले त्या सालचा दसरा. तुम्ही दगड आणायला साक्रीकडे गेला होतात, तीन-चार दिवस तरी लागणार होते. जाताना म्हणालात, "नवमीला चाकाची अन् मालाची पूजा तू कर. बोटभर कुंकू लाव, बास." मला बोटभरात समाधान कुठलं. चाकाला हार घातला, हत्यारं पुसून ओळीनं मांडली, आणि शेठसाठी तयार ठेवलेले ते अकीक ताम्हनात घेऊन त्यांच्यावर कुंकवाच्या पाण्याचा अभिषेक केला. वर पाठ म्हटला. देवापुढचं हलवू नये म्हणून ताम्हन तसंच ठेवलं, तीन दिवस. कुंकूही बाजारातलं स्वस्तातलं, भडक रंगाचं, मीच घासाघीस करून आणलेलं. चौथ्या दिवशी दगड धुतले तर बाकीचे स्वच्छ निघाले, पण सातांच्या बारीक चिरांत रंग उतरलेला. राखेनं घासले, लिंबू लावलं. जाईना. तेवढ्यात बाहेर तुमची सायकल वाजली. मी खोबरेल तेलाचं बोट फिरवून ते बाकीच्यांत मिसळून टाकले. तेल लावलेला दगड गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, हा तुमचा नियम मला पाठ होता. तेलाने चीर दिसेनाशी होते, म्हणूनच तो नियम होता, आणि म्हणूनच मी तेल लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आले. मी चहा ठेवून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. ते ओसरीत मांडी घालून बसलेत, तुम्ही समोर, मध्ये पांढऱ्या फडक्यावर माल. आधी ते गप्पा मारतात, मग एक दगड बोटांत फिरवतात, आणि फिरवता फिरवता थांबतात. बोटं हुंगतात. "आबा, तेल?" ते पिशवीतून स्पिरिटची बाटली काढतात, कापसाचा बोळा भिजवून दगडावरून दाबून फिरवतात. बोळा गुलाबी. दुसरा दगड, दुसरा बोळा. गुलाबी. शेठ हसले, पण ते हसणं मला आजही नको वाटतं. "काय आबा, दसऱ्याला दगडांनाही मेंदी लावली का?" तुम्ही बोळा हातात घेतलात, उन्हाला धरलात, नाकाशी नेलात. शेठ म्हणाले, "वीस वर्षं तुमचा माल मी डोळे मिटून घेतला." तुम्ही एकदाच मान वळवून दाराकडे पाहिलंत. मग तुम्ही म्हणालात, "माल मना शे. चूक बी मनी शे. बठ्ठा परत."

बस, तेवढंच, आणि सगळा माल परत घेतलात. कसं झालं ते त्यांनी विचारलं, तुम्ही सांगितलं नाहीत. ते चहा न घेता उठले. जळगावच्या सराफ्यात ही गोष्ट आठ दिवसांत फिरली, आणि दिवाळीनंतर तुमच्याकडे कुणी आलं नाही. उजेडाला धरून दगडाचं नाव सांगणारा माणूस लोकांच्या घरच्या शहाबादी फरश्या घासायला जाऊ लागला. संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरे होऊन यायचात. मी पाणी द्यायचे. पुढच्या दसऱ्याला पूजा तुम्ही स्वतः केलीत, कोरड्या अक्षता वाहून. कुंकवाची कुयरी मी पुढे केली तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे." रागानं नव्हे. मी तुमच्या चेहऱ्यात खूप शोधलं, पण काही सापडलं नाही, आणि जे सापडत नाही ते नाहीच, अशी मी मनाची समजूत घालून घेतली. त्यावर लग्न झालं, मुलं झाली, तुम्हाला जाऊनही चौदा वर्षं झाली.

आता हे सात दगड ओट्यावर आहेत. त्यांना वगळून बाकीचे देऊ शकते. घरात विचारलं तर हे म्हणाले, "सात दगडांचं काय एवढं? ठेवून घे." पण वगळले तर तो मुलगा समजणार की आबांचा उरलेला माल चोख होता, पण त्या दिवशीचा नव्हता. आणि त्याच्या बापानं सांगितलेली गोष्ट तशीच खरी राहणार. म्हणून दुपारी मी सातांसाठी एकच चिठ्ठी लिहिली. 'नदीचे अस्सल अकीक. चिरांतला रंग कुंकवाचा. आबा गावाला असताना त्यांच्या मुलीने लावला, आणि वर तेलही तिनेच लावलं. आबांना यातलं काही ठाऊक नव्हतं.' खाली सही केली.

चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य तीनदा खोडून पुन्हा लिहिलंय. ते खरं आहे की नाही, तेच मला माहीत नाही. तुम्ही बोळा नाकाशी नेलात तेव्हा कुंकवाचा वास तुम्हाला ओळखू आला नसेल, असं लिहायला हात होत नाही. खरं सांगायचं तर दाराआडून बाहेर यायला तीन पावलं होती, आणि तुम्ही ओळखलंय आणि मला सांभाळून घेताय असं मला वाटलं म्हणूनच मी ती टाकली नाहीत.

हे पत्र कुठे टाकणार मी. तरी आबा, ते वाक्य ठेवू की काढू, एवढं उलट टपाली कळवा. उद्या दहाच्या गाडीच्या आत.